ताईच्या लिव्हरचा कोरा रकाना

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. एकोणीसशे त्र्याऐंशी साली, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, नवाच्या सुमाराला. वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या इस्पितळात तिच्या हातातून काचेच्या नळीत रक्त काढलं, नळीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर खाटेचा नंबर लिहिला, आणि ते रक्त कुणीही तपासलं नाही. पुढचे सहा दिवस कुणी विचारलंही नाही. त्या दिवसांत तिचं लिव्हर बिघडत गेलं, आणि ज्या बाटलीनं ते बिघडत होतं ती बाटली आम्ही सगळे मिळून तिला रोज चढवत राहिलो.

‘आम्ही सगळे’ असं लिहिलं आहे, ते नीट वाचा. इस्पितळाचं नाव मी घेणार नाही. डॉक्टरचंही घेणार नाही. नाव घेतलं की वाचणारा म्हणतो, अच्छा, ते होय, तिथं असंच चालतं. आणि पान उलटतो. मला ते नको आहे.

मी कोण ते आधी सांगणं भाग आहे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, सेलूला राहत होतो. आम्ही पाच-सहा जण मिळून एक मंडळ चालवायचो. मंडळ म्हणजे एक भाड्याची खोली, एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र आणि सहा जोडी काळी बोटं. बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायची, चहाच्या टपरीसमोर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायची. आमचा खास विषय सलाईन. त्या वर्षांत आमच्या भागात अशक्तपणावर एकच औषध होतं. कापूस वेचून कंबर धरली, सलाईन. पोराचं लग्न उरकून थकवा आला, सलाईन. बाजाराच्या दिवशी येणारा फिरता डॉक्टर दुकानाच्या मागच्या खोलीत खिळ्याला बाटली टांगायचा, त्यात पिवळं इंजेक्शन सोडायचा, आणि बाटली पिवळी झाली की माणसाचा विश्वास दुप्पट व्हायचा. ते पिवळं म्हणजे साधं जीवनसत्त्व. अंगाला लागायचं तेवढं लागायचं, बाकीचं लघवीतून बाहेर.

त्यावर मी एक ओळ लिहिली होती. ‘लघवी पिवळी झाली? घाबरू नका! तुमचं टॉनिक गटारात चाललं आहे!’ ही ओळ लोकांना तोंडपाठ झाली. केळझरच्या जत्रेत एका अनोळखी माणसानं ती मलाच ऐकवली आणि वर म्हणाला, ‘‘काय लिहते गा लेकाचा!’’ मी चार दिवस हवेत होतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हिंगणीला दिलेली. तिला माझ्या पत्रकांचं कौतुक नव्हतं. ‘‘कागदं वाटून पोट भरते काय रे तुह्यं?’’ असं विचारायची, आणि मग आपणच ताट वाढायची. त्या वर्षी आषाढ संपता संपता तिला मुदतीचा ताप आला. तापात आतड्याला भोक पडलं. इस्पितळात नेली, पोट उघडलं, आतडं शिवलं. आठव्या दिवशी आतली शिवण उसवली. मग तिनं गिळलेलं पाणीसुद्धा पोटाच्या जखमेतून बाहेर यायला लागलं. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांनी ऑपरेशन केलं ते, येऊन पाहून गेले आणि एवढंच म्हणाले, ‘‘तोंडानं काही द्यायचं नाही. आतड्याला आराम पाहिजे. शिरेतून जेवण सुरू करा.’’

मी दुसऱ्या दिवशी सेलूहून पोचलो. पाहतो तर ताईच्या गळ्याखालच्या शिरेत नळी, आणि वर पिवळी बाटली. अगदी तीच, बाजारातली. माझं डोकं फिरलं. खिशात घडी केलेलं पत्रक होतंच. वॉर्डातल्या तरुण निवासी डॉक्टरला मी तिथंच गाठलं.

‘‘ही सलाईन किती दिवस चालवणार तुम्ही?’’

तो कृश, चष्मेवाला, रात्रभर न झोपलेला. त्यानं पत्रकाकडे पाहिलं. ‘‘तुम्ही ते पत्रकवाले का?’’

‘‘हो.’’

‘‘छान लिहिता. पण ही ती सलाईन नव्हे. बाजारातली म्हणजे मीठ-पाणी. हे जेवण आहे. साखर आहे, प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत. हे काढलं तर तुमची बहीण उपाशी मरेल. तिला दुसरं दार नाही.’’

मी पत्रक खिशात घातलं. पण तो तिथं थांबला नाही, आणि याचं श्रेय मी त्याला देतो. त्यानं मला समजावलं. आपण तोंडानं खातो ते आतड्यातून गाळून, सावकाश लिव्हरकडे जातं. हे थेट रक्तात जातं, दिवसरात्र जातं, लिव्हरला उसंत मिळत नाही. साखर फार झाली की लिव्हर तिची चरबी करून स्वतःतच साठवतं. आणि आतडं रिकामं पडून राहिलं की पित्त पुढं सरकत नाही, साचतं. ‘‘म्हणून आठवड्यातून एकदा रक्त तपासायचं,’’ तो म्हणाला, ‘‘काविळीचा आकडा पाहायचा. आकडा चढायला लागला की जेवण बदलायचं. हे जेवण चालू ठेवायचं असेल तर लिव्हरवर नजर ठेवावीच लागते. हा नियम आहे.’’

खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्यावर कागद लावलेला होता. ताप, लघवीतली साखर, वजन, आणि शेवटचा रकाना लिव्हर. प्रयोगशाळेत ती तपासणी आठवड्यातून एकाच वारी व्हायची, कारण त्यासाठीची रसायनं एकदा कालवली की दिवसभरातच संपवावी लागत. सगळ्या वॉर्डांचं रक्त गोळा करून एकदम लावायचे. पहिल्या आठवड्यात ताईच्या रकान्यात पाऊण लिहिलेलं होतं; एकापर्यंत ठीक समजतात. दुसऱ्या आठवड्यात दीड. निवासी डॉक्टर म्हणाला, ‘‘थोडा चढलाय. पुढच्या वारी पाहू.’’

मधल्या दिवसांत बाटलीविरुद्ध प्रचार करणारा मी बाटलीचाच भक्त झालो होतो. प्रथिनांची बाटली नागपूरहून आणावी लागे, ती मी आणायचो. कधी मिळायची, कधी दुकानदार मान हलवायचा. मिळाली नाही की त्या दिवशी साखरेची बाटली वाढवायचे, काहीतरी पोटात जायला हवं म्हणून. मला त्यात वावगं वाटलं नाही. साखर म्हणजे ताकद, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. लिव्हरच्या कोठारात नुसता गूळ ओतणं चाललं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. निवासी डॉक्टरच्या आलं असेल. आकडा पाहून ठरवू, असं त्यालाही वाटलं असेल. आकड्यावर सगळं थांबलेलं होतं.

आणि पुढचा वार तान्ह्या पोळ्याला, म्हणजे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

आमच्याकडे त्या सकाळी मारबतीला हाका घालतात. आदल्या दिवशी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, गावाच्या शिवेबाहेर फेकायच्या, आणि ओरडून सांगायचं की घरातली पीडा घेऊन जा. ताईला तीन-चार दिवसांपासून अंगाला खाज सुटली होती. हाताला, पायाला, पोटऱ्यांना. मायनं कुठून तरी पळसाची एक डहाळी पैदा केली आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात उभी राहून आवाज टाकला, ‘‘खाज-खरूज, रोगराई घेऊन जा गे मारबत!’’

शेजारच्या खाटांच्या तीन बाया हौसेनं उठून गेल्या. त्याही ओरडायला लागल्या. कुणी म्हणालं, ‘‘माह्या सासूले घेऊन जा गे मारबत,’’ आणि व्हरांडा हसायला लागला.

‘‘माय, हळू वं,’’ ताई पोट दाबून म्हणाली, ‘‘मले हासू नको देऊ. टाके दुखते.’’

नर्स धावत आली. ‘‘अहो मावशी, वॉर्ड आहे हा!’’

‘‘हाव ना बाई, वॉर्ड आहे म्हणून तं,’’ माय म्हणाली, ‘‘रोगराई इथंच जास्त आहे.’’

त्याच वेळी निवासी डॉक्टर रक्ताची नळी घेऊन आला. तोही हसत होता. ‘‘मारबत नेईल तेव्हा नेईल, तोवर थोडं रक्त आम्ही घेतो,’’ म्हणाला. ताईनं हात पुढं केला. रक्त काढून झाल्यावर त्यानं पुठ्ठ्यावर लिव्हरच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, ‘पाठवले’.

ते खोटं नव्हतं. रक्त पाठवलं होतं. प्रयोगशाळेतला माणूस पोळ्यासाठी गावी गेला होता, बैलांसाठी. दार उघडायला शिपाई होता. त्यानं नळी खिडकीच्या कठड्यावर स्टँडमध्ये लावून ठेवली. ऊन तिथं यायचं. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, रक्त बिघडलेलं दिसलं, फेकून दिलं. वॉर्डात कुणी कळवलं नाही. कळवायची पद्धतच नव्हती. आकडा आला की लिहायचा. नाही आला तर काही लिहायचं नाही. आणि रकान्यात ‘पाठवले’ असल्यामुळे पाहणाऱ्याला वाटायचं, चाललंय सगळं. मोठे डॉक्टर दोनदा येऊन गेले. त्यांनीही तो शब्द वाचला असणार.

त्यानंतरच्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी व्हरांड्यात येरझारा घालायचो, फाटकापर्यंत जायचो, परत यायचो, बाटलीतले थेंब मोजायचो. ताई चिडचिडी झाली होती. खाज थांबत नव्हती. नखांनी ओरबाडून पोटऱ्यांवर रेघा उठल्या. नर्स म्हणाली, घामोळ्या असतील, रबराच्या चादरीनं होतं. मायनं घरचा उपाय काढला. तेलात हळद कालवायची आणि ताईच्या हातापायाला रोज चोळायची. ताई हळूहळू पिवळी दिसायला लागली. एकदा निवासी डॉक्टरनं थांबून विचारलं, ‘‘आजी, मुलीला परत हळद लावलीत का? दुसरं लग्न काढलं?’’ सगळे हसले. तो पुढच्या खाटेकडे गेला. हळदीच्या खाली काय आहे ते पाहायला कुणाला सुचलं नाही. वॉर्डातला दिवाही पिवळा, मिणमिणता. ताईची खाट कोपऱ्यात, खिडकीपासून लांब.

आणि आता ते लिहितो जे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

तान्ह्या पोळ्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ताईनं मला जवळ बोलावलं. भांडं खाटेखालीच होतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाबू, माह्या लघवीचा रंग पाह्यला का तू? मले कावीळ तं नाई झाली?’’

मी भांड्यात डोकावलोसुद्धा नाही. मी हसलो. माझीच ओळ तिला ऐकवली. ‘‘ताई, घाबरू नको. तुह्यं टॉनिक गटारात चाललं आहे.’’

‘‘थट्टा नोको करू.’’

‘‘थट्टा नाही. बाटलीत पिवळं औषध आहे ना, ते बाहेर पडतं. मी स्वतः लिहिलं आहे.’’

‘‘तू लिहलं म्हणून खरं असते काय?’’

‘‘छापलं आहे,’’ मी म्हणालो.

तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिली, हातानं दंड खाजवत. तिनं विचारलं होतं. जिच्यावर अन्याय होत होता तिनं स्वतः, नेमक्या शब्दांत, वेळेवर विचारलं होतं. आणि मी तिला पत्रक ऐकवलं. पुढं ती कुणाला काही बोलली नाही. तिला वाटलं, शिकलेला भाऊ सांगतो आहे.

सहाव्या दिवशी सकाळी वॉर्डातली आया मला व्हरांड्यात भेटली. भांडी रिकामी करणं, धुणं हे तिचं काम. पन्नाशीची, निळ्या काठाचं पातळ, रोज जयभीम घालून चौकशी करायची. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत दोन भांडी होती.

‘‘भाऊ, इकडे या बरं. हे पाहा.’’

‘‘काय पाहू?’’

‘‘हे तुमच्या ताईची. अन् हे दोन नंबरच्या बाईची. तिलेबी पिवळी बाटलीच लागली आहे, नाई का?’’

दोन नंबरच्या खाटेवरच्या बाईलाही तेच जीवनसत्त्वाचं इंजेक्शन चालू होतं. तिच्या भांड्यातलं पाणी लख्ख पिवळं, थोडं हिरवट, उन्हात चमकणारं. ताईच्या भांड्यातलं कोऱ्या चहासारखं, तपकिरी.

‘‘बाटलीची लघवी मी वळखतो,’’ आया म्हणाली. ‘‘वीस वर्षं झाले भांडे धुऊन राह्यली. बाटलीची अशी नसते. अन् हे पाहा.’’ तिनं ताईचं भांडं जरासं हलवलं. वर फेस आला. फेससुद्धा पिवळा. दोन नंबरचं हलवलं, फेस पांढरा. ‘‘कावीळ आहे भाऊ. पक्की.’’

‘‘मावशी, मग आधी का नाही सांगितलं?’’

‘‘सांगतलं ना. परवा नर्सबाईले सांगतलं, थे म्हणे बाटलीमुळं होते. काल तुमच्या मायले सांगतलं. माय म्हणे, माह्या पोरानं सांगतलं हे टॉनिक आहे म्हणून, त्याचं छापून आलं आहे.’’ ती माझ्याकडे पाहत राहिली. ‘‘छापून आलं होतं काय हो?’’

मी आत धावलो. माय, मी आणि ती आया, तिघांनी मिळून ताईची खाट ढकलत खिडकीशी नेली. बाटलीचा दांडा मी हातात धरला होता. ‘‘काऊन रे, काय झालं?’’ माय विचारत होती. उजेडात मी ताईची खालची पापणी ओढली. हळद डोळ्यात जात नाही. डोळ्याचा पांढरा भाग पिकलेल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता.

मायच्या हातातली तेलाची वाटी खाली पडली. ‘‘अवो माय,’’ एवढंच ती म्हणाली.

मग मी पुठ्ठा हिसकला. लिव्हरचा रकाना. पाऊण. दीड. पाठवले. पुढं कोरं. निवासी डॉक्टर आला तेव्हा मी तो पुठ्ठा त्याच्या तोंडासमोर धरला.

‘‘आकडा कुठं आहे?’’

‘‘पाठवलं होतं ना,’’ तो म्हणाला.

‘‘पाठवलं होतं, आलं का?’’

त्यानं रकाना पाहिला. मग ताईकडे पाहिलं, खिडकीच्या उजेडात, आणि त्याचा चेहरा पडला. तो प्रयोगशाळेकडे पळाला, पंधरा मिनिटांनी परत आला. रक्त फेकलं गेलं होतं. ‘‘उद्या वार आहे,’’ तो पुटपुटला, ‘‘उद्याच्या खेपेत पहिलं लावायला सांगतो.’’

तिथं माझा तोल गेला. मी ओरडलो. वॉर्डभर ओरडलो. म्हटलं, पत्रक काढीन, फाटकावर चिकटवीन, जिल्हाभर वाटीन. पोळ्याला बैलांना पुरणपोळी आणि माझ्या बहिणीचं रक्त कठड्यावर वाळत! बाया खाटांवर उठून बसल्या. माझं भाषण रंगात आलं होतं, हे मी आज कबूल करतो. मला त्यात जोर चढला होता.

मोठे डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, ‘‘पत्रक उद्या काढ. आत्ता मला एक सांग. लघवी अशी कधीपासून आहे?’’

मी पुठ्ठा खाली केला.

‘‘तू रोज इथं असतोस. कधीपासून?’’

‘‘तीन दिवस,’’ मी म्हणालो. ‘‘चार.’’

‘‘कुणाला बोललास?’’

ताईनं डोळे मिटले होते. तिला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणू शकली असती, मी याला सांगितलं होतं. ती म्हणाली नाही. मी खाली पाहत म्हणालो, ‘‘नाही.’’

त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. निवासी डॉक्टरकडे वळले आणि त्याला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही; तो मान खाली घालून ऐकत होता. मग स्वतः प्रयोगशाळेत गेले. वार नसताना रसायनं कालवायला लावली, एका नळीसाठी. दुपारी आकडा आला. सहाच्या वर.

त्या दुपारीच जेवण बदललं. साखर निम्म्यावर आणली. दिवसातले आठ तास बाटली पूर्ण बंद, लिव्हरला उसंत म्हणून. गळ्याखालची नळी काढून तपासायला दिली, तिथून जंतू गेले नाहीत ना हे पाहायला, आणि दुसऱ्या बाजूला नवी घातली. पोटाच्या जखमेतली गळती तोवर बरीच कमी झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून भाताची निवळ द्यायची ठरली. दोन-दोन चमचे, आतड्याला जाग यावी म्हणून. पहिला चमचा मायनं दिला. ताईनं महिन्याभरानं जिभेवर काही घेतलं, डोळे उघडले, आणि म्हणाली, ‘‘मीठ नाई टाकलं काय?’’

माय रडायला लागली. मी बाहेर गेलो.

मग रोजचा आकडा. मोठ्या डॉक्टरांनी आठवड्याचा वार ताईपुरता मोडला होता. रोज, नाही तर निदान एका दिवसाआड रक्त जायचं. सहा, सात. दोन दिवस तो वरच चढत राहिला, आणि त्या दोन दिवसांत मी फाटक ते प्रयोगशाळा अशा किती फेऱ्या मारल्या ते मला माहीत नाही. शिपाई म्हणायचा, ‘‘अरे बाबू, बस ना कुठी, जोडे घासून राह्यला.’’ मी नळीच्या मागे मागे जायचो, दारात उभा राहायचो, कागद हातात पडला की धावत यायचो. मग सात तिथंच थांबला. मग सहा. मग हळूहळू, फार हळूहळू खाली. खाज पहिल्यांदा गेली. ताईनं एका दुपारी पाय लांब करून चार तास सलग झोप काढली, तेव्हा मी व्हरांड्यात खाली बसलो. त्या महिन्यात पहिल्यांदा बसलो.

ताई जगली. हे ऐकून कुणी सुटकेचा श्वास टाकू नये. लिव्हर ठिकाणावर येईपर्यंत पोटाचं दुसरं ऑपरेशन, उसवलेलं आतडं कायमचं शिवायचं, पुढं ढकललं. जे दसऱ्याच्या आत व्हायचं ते दिवाळीनंतर झालं. ती हिंगणीला परतली तेव्हा थंडी पडली होती. तिची दीड वर्षाची मुलगी तिला पाहून आजीच्या लुगड्यात लपली. ताईनं हात पुढं केले, पोरगी आली नाही. तीन दिवस आली नाही. हिशेब मांडायचा तर इथून मांडा.

निवासी डॉक्टरनं एक काम केलं. ताई अजून वॉर्डात असतानाच एका सकाळी त्यानं पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक खाटेच्या पुठ्ठ्यावर लिव्हरच्या रकान्याचे दोन भाग केले. डावीकडं पाठवले, उजवीकडं आले. कुणी सांगितलं नव्हतं. मी पाहत होतो. तो मला म्हणाला, ‘‘तुमच्या पत्रकात हे टाका किंवा नका टाकू. पण मला झोप येत नाही.’’

पत्रक मी लिहिलं. सेलूला आलो आणि एका बैठकीत दोन पानं ठोकली. बैल, पुरणपोळी, कठडा, कोरा रकाना, सगळं होतं. मेणकागद कापून झाला. छापायच्या आधी एकदा इस्पितळात जाऊन आयाला वाचून दाखवलं, तिचा मान म्हणून. ती भांडी उपडी घालत ऐकत होती.

‘‘माह्यं नाव नोको टाकजो,’’ म्हणाली.

‘‘नाही टाकलं मावशी. कुणाचंच नाही टाकलं.’’

‘‘अन् तुमचं?’’

‘‘माझं खाली आहे. पत्रक काढणारा म्हणून.’’

‘‘थे नाई. तुम्ही ताईले सांगतलं होतं ना, टॉनिक आहे म्हणून. थे लिहलं का त्याच्यात?’’

मी म्हटलं, ‘‘त्यानं मुद्दा बाजूला पडेल.’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली, आणि पुढचं भांडं उचललं.

ते पत्रक मी छापलं नाही. फाडलंही नाही. इतकी वर्षं खोलीत पडून होतं. छापलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ‘पाठवले’ हाही खराच शब्द होता. आणि माझी ती जुनी ओळ अजून गावोगाव फिरतेच आहे. मागच्याच महिन्यात सेलूच्या बस थांब्यावर एक माणूस भेटला. त्याच्या भावाला नागपूरला शिरेतून जेवण चालू होतं. मी विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? तो हसला, म्हणाला, ‘‘पिवळी आहे, पण भेव नाई. टॉनिक गटारात चाललं आहे. तुम्हीच तं लिहलं होतं.’’ मी त्याला पुढच्या गाडीत बसवलं आणि परत नागपूरला पाठवलं. पोचल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते त्याच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं.

तेच तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात माझं ते जुनं पत्रक असेल तर आत्ता काढा आणि पिवळ्या लघवीची ओळ खोडा, शाईनं खोडा. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, गावातलं कुणी शिरेतून जेवत असेल तर उद्या दिवसाउजेडी त्याच्याकडे जा. त्याला खिडकीशी घ्या. अंगाचा रंग पाहू नका, खालची पापणी ओढा आणि डोळा पाहा. भांडं हलवा आणि फेस पाहा. खाज सुटली का ते त्याला विचारा आणि तो काय म्हणतो ते त्याला पुरतं बोलू द्या. मग डॉक्टरसमोर उभे राहा. रक्त पाठवलं का, असं विचारू नका. आकडा किती आला, आणि कोणत्या तारखेचा, असं विचारा. रकाना कोरा असेल तर तिथून हलू नका.